चेंडूची खोळ

बाजाराच्या मागच्या गल्लीत, टायरवाला आणि काचवाला यांच्या मधे एक लांबोडकं दुकान आहे. आत शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागतं, कारण एका बाजूला फोमच्या लाद्या छताला टेकलेल्या आणि दुसऱ्या बाजूला कापायचं टेबल. दुकानाची मालकीण खोळी शिवते. सोफ्याच्या, गाडीच्या सीटच्या, दवाखान्यातल्या बाकड्याच्या, बँडवाल्यांच्या ड्रमच्या. माणसांचे कपडे तिने कधी शिवले नाहीत. माणूस माप देताना पोट आत ओढतो, सोफा तसली लबाडी करत नाही, असं तिचं म्हणणं. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणते, टायरवाला तिच्याहून वयाने मोठा असूनसुद्धा.

तशी ती खरीखुरी मावशी एकाच पोरीची. बहीण गेली तेव्हा पोर कडेवरची होती आणि जन्मापासून तिला दिसत नव्हतं. मावशीने तिला उचलून आणलं आणि फोमच्या लाद्यांत सोडून दिलं. पडली तर फोमवर पडेल, एवढाच विचार. पोर रांगली ती दुकानात, चालली ती दुकानात, आणि बोलायला लागली तशी प्रश्न विचारून सगळ्यांचा जीव खाऊ लागली. हे काय, ते कशाचं, त्याच्या मागे काय, त्याच्याही मागे काय. मावशीचा नवरा टेम्पो चालवतो. दिवसभर हमालांशी हुज्जत घालून दमून आलेल्या त्या माणसाची ही उंबऱ्यातच उलटतपासणी घ्यायची. त्यानेच तिचं नाव फौजदार ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

आता फौजदार चांगली जाणती बाई झाली आहे. न दिसणाऱ्या माणसांना ती पांढरी काठी घेऊन चालायला शिकवते. जिना कसा ओळखायचा, रस्ता कधी ओलांडायचा, भिंत जवळ आली हे काठीच्या आवाजावरून कसं ताडायचं. त्या कामात तिचं नाव झालं आणि बघता बघता दोन परदेशांतून बोलावणं आलं. काम दोन्हीकडे तेच, काही वर्षं राहून तिथल्या लोकांना शिकवायचं, पण जाता येणार एकीकडेच. एक जागा डेन्मार्कमध्ये, तिथे डॅनिश बोलतात. दुसरी टांझानियात, तिथे स्वाहिली. दोघांची अट एकच: महिनाअखेर हो की नाही ते कळव आणि आमची भाषा शिकायला लाग.

मावशीने दोन्ही नावं ऐकली आणि जागच्या जागी मनात निकाल देऊन टाकला. डेन्मार्क. का, तर टायरवाल्याच्या मेहुण्याने फोनवर तिथली चित्रं दाखवली होती. सरळ रस्ते, रंगवलेली घरं, सायकलवालेसुद्धा रांगेत. देश म्हणाल तर हातरुमालाएवढा. हरवून हरवून पोर हरवेल कुठे? तोंडाने मात्र ती म्हणाली, तुझं तू ठरव. ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात लोक 'जा, पड विहिरीत' म्हणतात.

फौजदार काही झटकन ठरवणाऱ्यातली नाही. फोन तिला सगळं वाचून दाखवतो, त्यामुळे कुठली भाषा कुठल्या देशात चालते त्याची नावं तिला तोंडपाठ झाली. पण नावं ऐकून आकार कळत नाही. एका दुपारी ती टेबलावर बोटं वाजवत म्हणाली, "मावशी, एवढी वर्षं घालून एखादी भाषा शिकायची, तर ती कुठून कुठपर्यंत चालते हे मला हाताला लागलं पाहिजे. तू म्हणतेस लहान, फोन म्हणतो मोठी. मला हातात दे."

"हातात काय देऊ? पृथ्वी?"

"शिवून दे."

झालं. असलं काही ऐकलं की मावशीला चेव येतो. नवऱ्याने एका व्यायामशाळेचं सामान हलवताना बाद झालेला एक रबरी चेंडू मागून आणला, जमिनीवर ठेवला तर कंबरेला लागेल असा. चेंडूची खोळ म्हणजे मावशीच्या डाव्या हातचा मळ. संत्र्याच्या फोडीसारख्या पट्ट्या कापायच्या, वर निमुळत्या, खाली निमुळत्या, मधे पोट सुटलेलं. कडेला कड जोडली की झाला गोल. जमिनीच्या कडेकडेने दोरी भरलेला गोट लावायचा, म्हणजे समुद्र कुठे संपला ते बोटाला कळेल, आणि आत दोन भाषांची दोन ठिगळं.

नकाशासाठी ती बोळातल्या मास्तरांकडे गेली. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतीवरचा मोठा नकाशा उतरवून दिला आणि पाठोपाठ स्वतःही आले, कारण निवृत्त माणसाला भूगोल विचारायला कोण येतं? त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या. स्वाहिलीच्या: टांझानिया, केनिया, मग युगांडा, रवांडा, बुरुंडी, काँगोची पूर्वेकडची बाजू, खाली मोझांबिकचं वरचं टोक. डॅनिशच्या: डेन्मार्क, जर्मनीच्या डोक्यावरची बारीकशी किनार, समुद्रातली फेरो बेटं, आणि ग्रीनलंड.

ग्रीनलंड बघून मावशीचे डोळेच विस्फारले. हातरुमाल म्हणता म्हणता ही तर सतरंजी निघाली. नकाशावर ते जवळजवळ आफ्रिकेच्या तोडीचं दिसत होतं, आणि स्वाहिलीचा मुलूख त्याच्यापुढे कानकोंडं होऊन बसल्यासारखा. देश लहान, मुलूख मोठा, आणखी काय पाहिजे? मावशी मनात सुखावली. सीटचं काढते तसं तिने कागद ठेवून दोन्हींचं माप काढलं, चेंडूच्या पोटाच्या हिशेबाने वाढवलं आणि कापड निवडायला बसली. डॅनिशला घेतली डॉक्टरांच्या सोफ्याची उरलेली मखमल. स्वाहिलीला ताडपत्रीचा तुकडा, खरबरीत, बोट घासलं तर सालटं निघेल असा. जे हाताला लागलं ते घेतलं, असं ती स्वतःलाच सांगत होती. नवरा टेबलाशी चहा घेऊन उभा होता. त्याने एकदा मखमलीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि कप तसाच घेऊन बाहेर गेला.

स्वाहिली खोळीच्या पोटावर ठेवली आणि ती बसली. सुरकुती नाही, ओढ नाही, जणू तिथलीच. ग्रीनलंड मात्र काही केल्या बसेना. वर सगळ्या फोडी निमुळत्या होत एका टोकाला मिळतात. किनाऱ्याच्या गोटाची दोरी आवळली की आवळते, ती तिने तिथे दामटून बसवली होती. पण मखमलीचं धूड आत मावायला तयार नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, कुठेतरी माप चुकलं. मावशीचा जन्म जास्तीचं कापड कमी जागेत बसवण्यात गेलेला. उशीच्या कोपऱ्याला घालतात तशा तिने चुण्या घातल्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा एकसारख्या, आणि ग्रीनलंड गोटाच्या आत कोंबून वरून टीप मारली.

संध्याकाळी खोळ चेंडूवर चढली. फौजदार पुढ्यात बसली, मास्तर स्टुलावर, नवरा दारात. कलिंगड पारखावं तसा तिने चेंडू दोन्ही हातांनी फिरवून घेतला आणि मग बोटं लावली. खरबरीत ती स्वाहिली, मऊ ती डॅनिश, एवढं मावशीने सांगून ठेवलं होतं. बोटं मखमलीवर चढली आणि थबकली.

"ह्या ओळीने डोंगररांगा आहेत का?"

"त्या चुण्या आहेत. कापड जास्त झालं म्हणून घातल्या."

"कापड जास्त का झालं?"

मावशीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वाकून चेंडूकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, मावशी, हे माझ्याकडून राहिलं. पृथ्वी गोल, कागद सपाट. गोल वस्तू कागदावर पसरली की वरचं आणि खालचं ताणून ताणून रुंद होतं. दर वर्षी पोरांना हे सांगत आलो आणि तुम्हाला नकाशा देताना नेमकं विसरलो. खरं ग्रीनलंड म्हणाल, तर एकटा काँगो देश त्याच्याहून मोठा भरेल.

नवरा दारातून म्हणाला, इतकी वर्षं सीटा मापल्या आणि बाई फसली ती पृथ्वीच्या सीटला. त्यावर मावशी फणकारली. सीटचं माप बाहेर उभं राहून काढतात, तुम्ही टेम्पोत बसल्या बसल्या टेम्पोचं माप काढून दाखवा. मास्तर खो खो हसले.

फौजदार हसली नाही. तिचं एक बोट मखमलीवर होतं आणि एक ताडपत्रीवर.

"मावशी, तुला मी डेन्मार्कला जायला हवंय. तर तसं तोंडाने सांग. कापडाला कशाला बोलायला लावतेस?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मावशीने हातातली कातर टेबलावर ठेवली. "हवंय," ती म्हणाली. "जागा लहान आहे, रस्ते सरळ आहेत. तिथे तुला कुणी धक्का मारून जाणार नाही. हे मनात आहे माझ्या, मग सुईतनं तेच उतरणार."

"बरं. ऐकलं. आता दोन्ही एकाच कापडात शिव."

उसवणं मावशीला मनापासून आवडत नाही. लोकांचं उसवताना ती शिवणाऱ्याच्या सात पिढ्या काढते, आता तर शिवणारी तीच. पण उसवलं. दोन्हीला एकच जाड सुती कापड घेतलं. मास्तरांनी घरातला छोटा पृथ्वीगोल आणला आणि त्याच्यावर दोरा धरून पुन्हा मापं घेतली, चेंडूच्या पटीत वाढवली. ग्रीनलंड आकसून वितीलाही कमी पडलं. डेन्मार्क अंगठ्याच्या नखाएवढा. फेरो बेटांची तर नुसती गाठच मारावी लागली. स्वाहिलीचा मुलूख मात्र चांगला पंजाभर, ग्रीनलंडहून अंमळ मोठाच.

फौजदारने हात फिरवला आणि म्हणाली, हे नुसतं शेत झालं, पीक कुठे आहे? म्हणजे कसं, तर जिथे लोक ती भाषा घरात, आयाबायांच्या तोंडून शिकतात तिथे टाके दाट घाल. जिथे शाळेत, बाजारात, कचेरीत गेल्यावर शिकतात तिथे विरळ. आणि जिथे माणूसच नाही तिथे सुई लावू नकोस.

मग ते दोन-तीन दिवस दुकानात दुसरं काही झालं नाही. एका शाळेच्या बसच्या सीटा कोपऱ्यात उघड्या पडून राहिल्या. फौजदारचा फोन वाचायचा, मास्तर गोलावर जागा दाखवायचे आणि मावशी टाका घालायची. स्वाहिलीला हात घातला आणि मावशी चक्रावली. किनाऱ्याच्या पट्टीत आणि जवळच्या बेटांवर टाके दाट पडले, तिथे ती घरातली. आत सरकावं तसा टाका विरळ होत चालला, पण थांबायचं नाव घेईना. काँगोच्या आतपर्यंत गेला तरी चालूच. तिथल्या लोकांच्या घरात भलतीच भाषा, एकेका देशात त्याही कितीतरी, आणि घराबाहेर पाय टाकला की ही. व्यापारी किनाऱ्यावरून आत गेले आणि भाषा त्यांच्या ओझ्याबरोबर गेली, असं मास्तर सांगत होते. एकूण किती माणसं बोलतात म्हणावं, तर फोनवरचा एक आकडा दुसऱ्याशी जुळेना.

"म्हणजे बहुतेकांनी ती दुसऱ्याकडून उचललेली," मावशी म्हणाली. "मग तिथे मोडकंतोडकं बोललं तर हसत असतील का हो?"

मास्तर म्हणाले, कुणी कुणाला हसायचं?

मावशीला हे फार पटलं. टाका घालता घालता ती फौजदारला एकेक विचारू लागली. दुकानात दोघी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या आल्या तर घासाघीस हिच्यात करतात का? नवरा-बायको दोन गावचे असले तर भांडतात कशात? फौजदारला उत्तर माहीत नसलं की फोनला विचारायचं आणि फोनलाही नसलं की तिघं मिळून अंदाज बांधायचे. शेवटी कड आली. कापडाची कड दुमडून टीप मारायची, हे मावशीच्या हाडात मुरलेलं. तिने विचारलं, कुठे दुमडू? मास्तर म्हणाले, दुमडू नका, ती कुठे नेमकी संपते असं नाहीच, पातळ होत होत जाते. न दुमडलेलं कापड दुकानाबाहेर जाऊ देणं म्हणजे मावशीला केस न विंचरता बाजारात जाण्यासारखं. तरी तिने कडेचे आडवे दोरे उपसून काढले आणि नुसत्या दशा सोडल्या. सोडल्या आणि दोनदा वळून बघितलं.

डॅनिशची गोष्ट उलटी. त्या नखाएवढ्या जागेत टाक्यावर टाका बसला, इतका की सुई रुतून बसली आणि अंगुस्तान घालून ढकलावी लागली. तिथे जवळजवळ सगळ्या घरांत तीच. जर्मनीच्या किनारीवर थोडेसे टाके. फेरोच्या गाठीवर एक सैल टाका, कारण तिथे घरात त्यांची स्वतःची भाषा, डॅनिश शाळेतली. आणि ग्रीनलंड? मधे सगळा बर्फ, तिथे सुई लावायची नाही. वस्ती कडेला, तीही तुरळक, तिथेही घरात ग्रीनलंडची स्वतःची भाषा. डॅनिश कचेरीत, दवाखान्यात, शाळेत, आणि डेन्मार्कहून येऊन राहिलेल्या थोड्या घरांत. सगळ्या तुकड्यात मिळून पश्चिमेच्या कडेला चार-सहा टाके पडले. बाकी कोरं कापड.

खोळ पुन्हा चढली त्या दिवशी मावशीच्या मनाची तयारी झालेली होती. फौजदारची बोटं स्वाहिलीवर गेली ती तिथेच रमली. दाट टाक्यांवरून विरळ टाक्यांवर, तिथून दशांवर, परत किनाऱ्यावर. चेहरा खुलला होता. मावशीने ते पाहिलं आणि म्हणाली, "जा मग तिकडेच. मीही म्हणते. चांगली मोकळी भाषा आहे."

"आहे," फौजदार म्हणाली. "मला आवडली. पण मी टांझानियावाल्यांना विचारलं मावशी. तिथे काठी शिकवणारे आहेत, चांगले तयार आहेत, आणि स्वाहिलीत शिकवतात. मी गेले तर एक हात वाढेल, इतकंच." बोलता बोलता तिचा उजवा हात चेंडूवर वर सरकत गेला. नखाएवढं डेन्मार्क ओलांडून पुढे गेला, कोऱ्या कापडावर आला आणि चाचपत चाचपत पश्चिमेच्या कडेला त्या चार-सहा टाक्यांपाशी थांबला. "इथे कोण शिकवतं?"

मास्तरांना माहीत नव्हतं. फोनलाही नीट सांगता येईना. तेव्हा फौजदारने सरळ डेन्मार्कच्या संस्थेलाच फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडून एक बाई इंग्रजीत बोलत होती. मावशीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मास्तर कानाशी लागून सांगत होते. आमचं ग्रीनलंडमध्ये कायमचं कुणी नाही, बाई म्हणत होती. अधूनमधून कुणी जातं, काही आठवडे शिकवतं आणि परत येतं. पहिलं वर्ष इथे राहून डॅनिश पक्की केलीस, तर पुढे तिकडच्या एका गावात राहता येईल. आजवर तशी तयारी कुणी दाखवली नाही.

"मी दाखवते," फौजदार म्हणाली.

मास्तरांनी हे वाक्य सांगायला घेतलं, पण मावशीला ते आधीच कळलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, डॅनिशच आहे की गं, तुझ्या मनासारखंच झालं. पण म्हणता म्हणता त्याचाही आवाज पडला, कारण गेल्या तीन दिवसांत फोनने वाचलेलं त्याच्याही कानावर होतं: तिथे एका गावातून दुसऱ्या गावाला रस्ताच नाही, जायचं तर बोटीने नाहीतर विमानाने. मावशीचे सरळ रस्ते, रंगवलेली घरं आणि शिस्तीतले सायकलवाले एका क्षणात त्या कोऱ्या कापडात गडप झाले.

"लहान जागा बघून दिली मी तुला," ती म्हणाली, "आणि तू शोधून शोधून अशी काढलीस की जिथे रस्ताच संपतो."

"तिथे माझीही डॅनिश शिकलेली आणि त्यांचीही. दोघं अडखळू. आणि त्यांची घरातली भाषा मला ऐकायला मिळेल. ती तर अजून आपण शिवलीच नाही."

एरवी असं काही ऐकलं की मावशी कातर आपटते. आज तिने काही आपटलं नाही. ती उठली, फौजदारच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या बाईला एक विचार. ही मुलगी काठी आपटून आवाजावरून भिंत ओळखते, खड्डा ओळखते. बर्फात काठीचा आवाज येतो का?"

फौजदारची मान वळली. हा प्रश्न तिच्या डोक्यातच आला नव्हता. इतरांना प्रश्न विचारून हैराण करणारी फौजदार पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा तरी प्रश्न उचलून फोनकडे वळली. मग तिने तो इंग्रजीत विचारला.

मग ती बाई सावकाश बोलू लागली आणि मास्तर सांगू लागले. ताज्या बर्फात आवाज विरतो म्हणते. पायरीची कड बुजते, फुटपाथ बुजतो. आमची माणसं परत येतात त्याचं हेही एक कारण. तिथे काठी कशी चालवायची ते आम्हाला नीट ठाऊक नाही. कुणीतरी राहून शोधून काढायला हवं.

मास्तर थांबले. फौजदारचा काठी धरायचा हात मांडीवर नकळत डावीउजवीकडे हलू लागला होता, बर्फ आत्ताच पुढ्यात पडल्यासारखा. मावशीने तो हात पाहिला. तेवढ्यावरून तिला कळून चुकलं की आता अडवण्यात राम नाही.

"हो म्हण तिला," मावशी म्हणाली. "आणि तिथे काठीचं काय होतं ते कळलं की आधी मला सांगायचं. त्या बाईला नंतर."